द्वारकानाथ ठाकूर आणि राणीगंजचा कोळसा

द्वारकानाथ ठाकूर हे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे असते ते बहुधा रवींद्रनाथांचे आजोबा म्हणून, किंवा फार तर राजा राममोहन रॉय यांचे एक धनाढ्य स्नेही म्हणून. ‘प्रिन्स’ ही लोकांनी बहाल केलेली पदवी, बेलगाछियाच्या उद्यानगृहातील मेजवान्या आणि विलायतेत राणी व्हिक्टोरियाची झालेली भेट एवढ्याच आठवणींवर त्यांचे चरित्र बहुतेक ठिकाणी आटोपते. परंतु १८३६ च्या जानेवारी महिन्यात याच गृहस्थांनी बंगालच्या पश्चिम टोकाला, दामोदर नदीच्या काठी, राणीगंज येथील कोळशाची खाण ७०,००० रुपयांस विकत घेतली. हिंदुस्थानातील खाणउद्योगाच्या इतिहासात या खरेदीला जे स्थान आहे ते त्या मेजवान्यांना नाही. इंग्रजांशी व्यापारात बरोबरीचे भागीदार झालो की राज्यकारभारातही बरोबरी पदरात पडेल, अशी द्वारकानाथांची आयुष्यभराची धारणा होती. ती कितपत खरी होती याची परीक्षा त्यांच्या भाषणांत होत नाही. ती या खाणीच्या हिशेबात होते. म्हणून या ठिकाणी त्यांचे चरित्र कोळशाच्या अंगाने पाहावयाचे योजिले आहे.

द्वारकानाथांचा जन्म १७९४ मध्ये कलकत्त्यातील जोडासांको येथे झाला. वडील राममणी, परंतु त्यांचे थोरले बंधू रामलोचन निपुत्रिक असल्यामुळे त्यांनी द्वारकानाथांना दत्तक घेतले. दत्तक आई अलकासुंदरी ही त्यांच्या जन्मदात्या आईचीच सख्खी बहीण. ठाकूर घराणे ‘पिराली’ ब्राह्मणांचे, म्हणजे एका जुन्या मुसलमानी संपर्काच्या ठपक्यामुळे इतर कुलीन ब्राह्मणांनी पंक्तीबाहेर ठेवलेले. पैसा होता, पण पंक्तीचा मान नव्हता. अशा घरातील माणसाला समाजाच्या रूढ चाकोरीबाहेर पाऊल टाकताना गमावण्यासारखे फारसे नसते, ही गोष्ट पुढील हकिगत वाचताना ध्यानात ठेवावी. १८०७ मध्ये रामलोचन वारले आणि तेरा वर्षांचा हा मुलगा बिराहिमपूर व कटक येथील जमीनदारीचा मालक झाला. शेरबर्न नावाच्या गृहस्थांच्या शाळेत तो इंग्रजी शिकला, आणि रॉबर्ट कटलर फर्ग्युसन या बॅरिस्टरांच्या सहवासात त्याने कायद्याचा अभ्यास केला. कायमधारा पद्धतीच्या गुंतागुंतीत इतर जमीनदार अडखळत असता द्वारकानाथ त्यांचे मुखत्यार म्हणून काम पाहू लागले. मुखत्यार, सरिश्तेदार, दिवाण हे सारे शब्द आपल्याकडील जुन्या दप्तरांतही आहेत. त्यांचा भाव बंगालात निराळा नव्हता. कागद ज्याच्या हाती, जमीन त्याच्या हाती.

याच ज्ञानाच्या बळावर ते कंपनी सरकारच्या मीठ खात्यात सरिश्तेदार झाले आणि १८२८ मध्ये जकात, मीठ व अफू मंडळाचे दिवाण झाले. एतद्देशीयाला यापेक्षा वरची जागा त्या काळी क्वचितच मिळे. पगार बेताचा आणि अधिकार अमर्याद, अशा या नोकऱ्या होत्या. त्यांतून संपत्ती कशी साठे याविषयी तेव्हाही लोक उघड कुजबुजत. द्वारकानाथांच्या भाग्याचा पाया जमीन, कायदा आणि सरकारी मीठ यांवर रचला गेला, एवढे निःसंशय म्हणता येते. नोकरीत असतानाच सावकारी, १८२९ मध्ये स्थापन झालेल्या युनियन बँकेचा कारभार आणि कमर्शियल बँकेतील भागीदारी हेही चालूच होते.

आता क्षणभर कोळशाकडे वळू. राणीगंजच्या परिसरात जमिनीलगत कोळसा आहे हे स्थानिक लोकांना अर्थातच पूर्वीपासून माहीत होते. १७७४ मध्ये जॉन समनर आणि सुइटोनियस ग्रँट हीटली या कंपनीच्या दोघा नोकरांनी सरकारकडून परवाना मिळवून तेथे खाणकाम आरंभिले. त्यांनी धाडलेला माल सरकारी परीक्षेत निकृष्ट ठरला, आणि पुढे चाळीस वर्षे विलायती कोळसाच जहाजाच्या तळात भरताड म्हणून येत राहिला. १८१४-१५ च्या सुमारास गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांच्या आमदानीत पुन्हा शोध सुरू झाला. जोन्स नावाच्या एका इंग्रज जाणकाराला सरकारने ४०,००० रुपये आगाऊ दिले आणि त्याने राणीगंज येथे खाण खणली. कोळसा निघाला, पण जोन्सचे दिवाळे निघाले. त्याला जामीन राहिलेल्या अलेक्झांडर आणि कंपनी या पेढीकडे खाण आली.

इंग्रजीत या पेढ्यांना ‘एजन्सी हाउस’ म्हणतात. मराठीत ‘आडत पेढी’ म्हणावे तर अर्थ थिटा पडतो, कारण या पेढ्या आडत करीत, सावकारी करीत, जहाजे बाळगीत, निळीच्या कोठ्या चालवीत, आणि कंपनीच्या नोकरांची बचत ठेव म्हणून स्वीकारून तीच निळीत गुंतवीत. निळीचे भाव कोसळले आणि १८३० ते १८३४ या चार वर्षांत कलकत्त्यातील पामर, अलेक्झांडर, मॅकिंटॉश यांसारख्या बड्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. मॅकिंटॉश पेढीबरोबर कमर्शियल बँकही बसली. तिच्या भागीदारांत ज्याच्याजवळ देण्यासारखे काही शिल्लक होते असा एकच इसम उरला, आणि तो म्हणजे द्वारकानाथ. बँकेची देणी त्यांनी फेडली. बाजारात त्यांची पत निर्माण झाली ती या एका कृत्यामुळे. ती पुढे बारा वर्षे टिकली.

१८३४ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि विल्यम कार या इंग्रज व्यापाऱ्यासह ‘कार, टागोर आणि कंपनी’ स्थापन केली. गव्हर्नर-जनरल बेंटिंक यांनी त्यांचे अभिनंदन केले, कारण युरोपीय धर्तीवर पेढी काढणारे ते पहिले एतद्देशीय गृहस्थ होत. लवकरच विल्यम प्रिन्सेप हेही भागीदार झाले. (ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडणारे जेम्स प्रिन्सेप यांचे हे बंधू, दोघेही कलकत्त्याच्या त्याच लहानशा इंग्रज वसाहतीत वावरणारे.) यापूर्वी कलकत्त्यात बंगाली श्रीमंत इंग्रज पेढ्यांचे ‘बनियन’ असत, म्हणजे भांडवल त्यांचे, जोखीम त्यांची, आणि पाटीवर नाव साहेबाचे. द्वारकानाथांनी पाटीवर आपले नाव आणले. तेही दुसरे होते, ही गोष्ट आज आपल्या डोळ्यांत भरते. तेव्हा ते तेथे आहे याचेच लोकांना आश्चर्य वाटले.

अलेक्झांडर पेढीच्या बुडीत मालमत्तेत राणीगंजची खाण विक्रीला निघाली तेव्हा ती घेण्यास अनेकांनी धैर्य केले नसते. द्वारकानाथांनी ती घेतली, कारण त्यांना एका नव्या गिऱ्हाइकाची चाहूल लागली होती. १८३४ पासून गंगेवर सरकारी आगबोटी नियमित धावू लागल्या होत्या. हुगळी नदीच्या मुखातून शिडाची जहाजे ओढून आणण्यास वाफेच्या टग बोटी हव्या होत्या. टांकसाळीत वाफेची यंत्रे बसली होती. ही सारी कोळशाची भूक होती, आणि ती दरवर्षी वाढणार हे उघड होते. १८३६ मध्येच कार, टागोर पेढीने कलकत्ता स्टीम टग असोसिएशन उभी केली. येथे द्वारकानाथांची दृष्टी दिसते. टग बोटीचे भाडे मिळे ते एक. त्या बोटीत जळे तो कोळसाही आपलाच, हे दुसरे. एका धंद्याचा माल दुसऱ्या धंद्याचे गिऱ्हाईक व्हावा, अशी ती रचना होती. या रचनेत मीठ, चहा, साखर, नीळ आणि जहाजे हेही होते, आणि हे लपविण्याचे कारण नाही की चीनकडे अफू वाहून नेणारी जलद गलबतेही होती. ‘वॉटर विच’ या सुप्रसिद्ध अफूवाहू गलबतात द्वारकानाथांचा हिस्सा होता.

खाण घेणे एक, आणि कोळसा कलकत्त्यास पोचविणे दुसरे. राणीगंजपासून कलकत्ता सुमारे १२० मैल. मधला रस्ता जड मालाच्या उपयोगाचा नव्हता, भरवसा दामोदरचा. पण दामोदर ही वर्षभर वाहती नदी नव्हे. उन्हाळ्यात वाळूच्या पात्रातून पाण्याची एक दोरी तेवढी राही, आणि पावसाळ्यात तीच नदी दोन्ही काठ बुडवीत सुटे. लादलेल्या नावा चालण्याजोगे पाणी वर्षातून काही थोडेच दिवस मिळे. तेव्हा आठ-नऊ महिने खाणीतून काढलेला कोळसा घाटावर राशी करून ठेवावयाचा, पावसाची वाट पाहावयाची, पाणी चढू लागताच शेकडो नावा जमवून एकदम माल लादावयाचा आणि आमता येथील वखारीपर्यंत तो उतरवावयाचा. तेथून पुढे दुसऱ्या नावांनी हुगळीमार्गे कलकत्ता. पाऊस लांबला तर राशी घाटावरच पडून राहत आणि उन्हाने कोळसा फुटून भुगा होई. पूर अंगावर आला तर नावा मालासकट बुडत. खाणीत वर्षभर घातलेले भांडवल असे काही आठवड्यांच्या पाण्यावर तरंगत असे. शेतकऱ्याची दशा याहून फारशी निराळी नसते. पुढे द्वारकानाथ रेल्वेसाठी जो आग्रह धरतात त्याचे मूळ या घाटावर आहे, हे विसरू नये.

खाणीतील कामाचे स्वरूपही सांगितले पाहिजे. विहिरीसारखा उभा खड्डा खणून कोळशाच्या थरापर्यंत जावयाचे, आणि मग आडवे बोगदे काढीत, छत कोसळू नये म्हणून कोळशाचेच खांब मागे ठेवीत पुढे सरकावयाचे, अशी रीत. सब्बल आणि टिकाव ही हत्यारे. उजेड तेलाच्या दिव्याचा. काम करणारे लोक आसपासचे बाउरी आणि संथाळ. पुरुष कोळसा फोडी, बायका व पोरे तो टोपल्यांत भरून वाहत, आणि अनेक ठिकाणी खड्ड्याच्या तोंडावरील मोठे रहाट फिरविण्याचे कामही बायकांकडेच असे. भाताच्या लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ही सारी मंडळी शेतावर परतत व खाण ओस पडे. साहेब व्यवस्थापकांनी याला आळस म्हटले. वस्तुतः या लोकांनी खाण हे पोटाचे दुसरे साधन मानले होते, पहिले नव्हे. त्यात त्यांचे शहाणपणच होते. कलकत्त्याच्या पेढीतील कागदपत्रांत या माणसांची नावे नाहीत. द्वारकानाथांच्या उदारपणाच्या अनेक कथा त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविल्या आहेत. त्यांतील एकही या खड्ड्याजवळची नाही.

धंदा मात्र वाढला. राणीगंजची खाण त्या काळी देशातील सर्वांत मोठी ठरली आणि सरकारी आगबोटी हे तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले. असा एकच मोठा विक्रेता आणि असे एकच मोठे गिऱ्हाईक समोरासमोर आले की भावाची ओढाताण चालावयाचीच. भाव चढा आणि माल कचरट, ही सरकारची तक्रार. गिऱ्हाईक हुकमी नाही, ही पेढीची. अन्य कोठे कोळसा आहे काय हे पाहण्यासाठी सरकारने याच सुमारास एक समितीही नेमली. देशातील खनिज संपत्तीच्या पद्धतशीर पाहणीचा आरंभ त्यातून झाला. शेजारी प्रतिस्पर्धीही उभे राहिले होते. नारायणकुडी येथे गिलमोर, हॉमफ्रे आणि कंपनीची खाण होती. कोळसा कोणाच्या जमिनीखाली आहे यापेक्षा तो कोणाच्या घाटावरून उतरतो याला महत्त्व असल्यामुळे घाटांच्या मालकीवरून तंटे झाले, आणि बंगालच्या जमीनदारी रिवाजाप्रमाणे ते केवळ कचेरीत लढले गेले नाहीत. अखेर १८४३ मध्ये दोन्ही पक्षांनी शहाणपणाचा मार्ग धरला आणि त्यांच्या एकत्रीकरणातून ‘बेंगाल कोल कंपनी’ जन्मास आली. राणीगंजच्या कोळशावर तिचे वर्चस्व पुढे कित्येक दशके राहिले.

द्वारकानाथांचे सार्वजनिक कार्य याच वर्षांतले, आणि ते या धंद्यापासून वेगळे काढून पाहता येत नाही. १८२३ मध्ये वृत्तपत्रांवर निर्बंध घालण्यात आले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करणाऱ्या सहा जणांत राममोहनांसह तेही होते. सतीच्या चालीविरुद्धच्या झगड्यात त्यांनी राममोहनांची बाजू घेतली. ‘बेंगाल हरकारू’ या इंग्रजी वृत्तपत्रात त्यांचा पैसा होता. १८३८ मध्ये जमीनदारांची जी संस्था कलकत्त्यात स्थापन झाली तिच्या प्रवर्तकांत ते अग्रभागी होते. सरकारच्या महसुली धोरणाविरुद्ध सनदशीर मार्गाने दाद मागणारी ती या देशातील पहिल्या संघटनांपैकी एक. तिचे सभासदत्व जातधर्माच्या अटीवाचून होते आणि तीत इंग्रजही होते. मात्र जमीन असल्यावाचून तीत प्रवेश नव्हता. रयतेची गाऱ्हाणी तिने मांडली ती जमीनदाराच्या तोंडून. त्याच साली पोलीस सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे साक्ष देताना द्वारकानाथांनी एतद्देशीय डेप्युटी मॅजिस्ट्रेट नेमावेत अशी सूचना केली, आणि १८४३ मध्ये ती जागा निर्माण झाली. पुढे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय याच जागेवर नोकरीस लागले.

त्यांच्या राजकारणाचा खरा कस लागला तो १८३६ च्या कायद्याच्या वेळी. मुलुखात राहणाऱ्या इंग्रजांना दिवाणी दाव्यांत कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची जी खास सवलत होती ती मेकॉले यांच्या पुढाकाराने काढून घेण्यात आली. गोऱ्या रहिवाशांनी त्याला ‘काळा कायदा’ म्हणून गदारोळ केला. अशा वेळी एतद्देशीय पुढाऱ्याने कायद्याच्या बाजूने उभे राहावयाचे! द्वारकानाथ उलट गोऱ्यांच्या सभेत गेले आणि कायद्याविरुद्ध बोलले. त्यांची भूमिका अशी की, आम्ही जेथे आहोत तेथवर इंग्रजांना खाली ओढू नका. त्यांना जे आहे ते आम्हांस द्या. ही भूमिका वरवर पाहता उदात्त आहे, आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे घेतली याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सभेतील इतरांना तिच्या उत्तरार्धाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना आपली सवलत राखावयाची होती, आणि एका प्रतिष्ठित बंगाल्याचा आवाज त्यांना आयता मिळाला. भागीदारीवर विसंबणाऱ्या माणसाची अशी फसगत होते. पण त्या काळी द्वारकानाथांना ती फसगत वाटली नाही, कारण पेढीत कार आणि प्रिन्सेप रोज त्यांच्या शेजारी बसत होते.

९ जानेवारी १८४२ रोजी ते आपल्या ‘इंडिया’ नावाच्या आगबोटीने विलायतेस निघाले. समुद्रगमनाचा निषेध त्यांनी मानला नाही. पत्नी दिगंबरीदेवी १८३९ मध्येच निवर्तल्या होत्या. त्या निष्ठावंत वैष्णव. पती युरोपीयांच्या पंक्तीस बसून मांस-मद्य घेतो हे कळल्यावर त्यांनी त्यांच्याशी सहवास सोडला होता, आणि घरकामापुरते बोलणे झाले तरी त्या स्नान करीत. ज्या मेजवान्यांचे वर्णन इंग्रजी पत्रे रंगवून करीत त्यांची ही घरातली बाजू. लंडनमध्ये राणीने त्यांचा सत्कार केला, कंपनीच्या संचालकांनी त्यांना सुवर्णपदक दिले, एडिंबरोने मानपत्र दिले. ब्रिस्टल येथे राममोहनांचे शव एका खाजगी बागेत पुरलेले होते. ते आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत नेऊन त्यावर बंगाली धाटणीची छत्री उभारण्याची व्यवस्था द्वारकानाथांनी केली. ही छत्री आजही तेथे आहे.

याच मुक्कामात, १० ऑगस्ट १८४२ रोजी, ब्रिटिश पार्लमेंटने खाणींविषयीचा एक प्रसिद्ध कायदा संमत केला. स्त्रियांनी आणि दहा वर्षांखालील मुलांनी जमिनीखाली काम करण्यास त्याने बंदी घातली. खाणीतून टोपल्या ओढणाऱ्या मुलींची चित्रे त्या उन्हाळ्यात लंडनच्या पत्रांतून छापली जात होती. तो कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता. राणीगंजच्या बाउरी स्त्रिया त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षे खाली उतरतच राहिल्या. त्यांना भूमिगत कामातून हटविण्याचे नियम १९२९ मध्ये झाले आणि ते पुरते अमलात येण्यास आणखी दहा वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची निकड पडताच त्या नियमांनाही काही काळ स्थगिती मिळाली.

परत येताना द्वारकानाथांनी जॉर्ज टॉम्पसन यांना बरोबर आणले. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गाजलेला हा वक्ता. त्याच्या व्याख्यानांतून १८४३ मध्ये ‘बेंगाल ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्थापन झाली आणि हिंदू कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण तीत शिरले. जमीनदारांच्या संस्थेपेक्षा ही अधिक मोकळी होती. द्वारकानाथांनी वक्ता आणला; त्याने जागविलेली पिढी मात्र पुढे त्यांच्या मार्गाने गेली नाही. तिने वकिली, मास्तरकी आणि सरकारी नोकरी पत्करली. खाण किंवा आगबोट तीपैकी फार थोड्यांच्या मनात आली.

त्यांचा अखेरचा मोठा बेत रेल्वेचा. कलकत्त्यापासून कोळशाच्या प्रदेशापर्यंत लोहमार्ग टाकण्यासाठी ‘ग्रेट वेस्टर्न ऑफ बेंगाल’ या कंपनीची योजना त्यांच्या पेढीने मांडली, आणि भांडवलाचा तिसरा हिस्सा आपण उभा करू असे द्वारकानाथांनी जाहीर केले. याच वेळी मुंबईस जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांचे सहकारी रेल्वेसाठी खटपट करीत होते, हे वाचकांस आठवेल. मुंबईची रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत धावली. पण तिच्या इंजिनांचा कोळसा समुद्रमार्गे यावयाचा. बंगालात नेमके उलट होते: कोळसा होता, त्याला न्यावयास रेल्वे नव्हती. १८४५ च्या मार्चमध्ये द्वारकानाथ दुसऱ्यांदा विलायतेस निघाले. या वेळी कलकत्ता मेडिकल कॉलेजचे चार विद्यार्थी डॉ. गुडीव्ह यांच्याबरोबर तिकडे गेले; त्यांपैकी दोघांचा खर्च द्वारकानाथांनी सोसला. पॅरिसमध्ये तरुण मॅक्स म्युलर त्यांना भेटला. १ ऑगस्ट १८४६ रोजी, थोड्या दिवसांच्या आजारानंतर, लंडनमधील एका हॉटेलात त्यांचे देहावसान झाले. केन्सल ग्रीन येथे त्यांना पुरण्यात आले. रेल्वेची त्यांची कंपनी पुढल्याच वर्षी ईस्ट इंडियन रेल्वेत विलीन झाली.

त्यानंतर दीड वर्षही गेले नाही. १८४७ मध्ये लंडनच्या बाजारात हाहाकार उडाला, निळीच्या पेढ्या बुडाल्या, आणि त्यांना बेसुमार कर्जे देऊन बसलेली युनियन बँक कोसळली. १८४८ च्या आरंभी कार, टागोर पेढीने दारे लावली. थोरले चिरंजीव देवेंद्रनाथ यांनी आत्मचरित्रात लिहिलेला हिशेब असा: देणे सुमारे एक कोटी, येणे सत्तर लाख, तूट तीस लाख. द्वारकानाथांनी १८४० मध्येच बिराहिमपूर, कटक, शहाजादपूर आणि कालीग्राम येथील जमीनदारी मुलांच्या नावे विश्वस्तनिधी करून पेढीच्या जोखमीबाहेर ठेवली होती. सावकारांचा तिच्यावर हक्क पोचत नव्हता. देवेंद्रनाथांनी ती मिळकतही सावकारांपुढे ठेवली, राहणी साधी केली, आणि कित्येक वर्षांत कर्ज फेडले. वडिलांनी धर्मादाय संस्थेस कबूल केलेले एक लाख रुपयेसुद्धा त्यांनी व्याजासह दिले.

या विश्वस्तनिधीविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. देशातील पहिल्या आधुनिक उद्योजकाने आपल्या मुलांचे कल्याण कशाच्या स्वाधीन केले? कोळशाच्या नाही, आगबोटींच्या नाही, जमिनीच्या. बंगाली श्रीमंत उद्योगात का उतरले नाहीत याची कारणे अभ्यासक अनेक सांगतात: कायमधाऱ्याने दिलेले स्वस्थ उत्पन्न, १८४८ ची दहशत, गोऱ्या पेढ्यांची नंतरची एकजूट. ती सारी खरी असतील. परंतु त्या कायमधाऱ्याचा मोह खुद्द द्वारकानाथांनाही सुटला नव्हता. खाणीत त्यांनी पैसा घातला, विश्वास मात्र कुळांच्या खंडावर ठेवला. आणि त्यांचा हिशेब चुकला असे तरी कसे म्हणावे? पेढी गेली, बिराहिमपूरची जमीन राहिली. त्याच जमिनीवरील शिलाईदह येथे राहून, कुळांचा वसूल पाहता पाहता, पद्मेच्या पात्रात नाव घालून नातवाने आपल्या अनेक श्रेष्ठ कथा लिहिल्या. पेढीचे जुने कागद याच नातवाच्या सांगण्यावरून पुढे जाळण्यात आले, असे ठाकूर घराण्यातच सांगितले जाई.

बेंगाल कोल कंपनी मात्र बुडाली नाही. भागीदारांचे हिस्से हातोहात गेले आणि ती संपूर्णपणे युरोपीय व्यवस्थेखाली आली. विसाव्या शतकात ती अँड्र्यू यूल या मॅनेजिंग एजन्सीकडे होती. ३ फेब्रुवारी १८५५ रोजी रेल्वे राणीगंजला पोचली आणि दामोदरच्या पुराची वाट पाहण्याचे दिवस संपले. ज्या मार्गासाठी द्वारकानाथ झटले होते त्याच मार्गाने गोऱ्या मालकांचा कोळसा कलकत्त्याकडे जाऊ लागला, आणि जहाजातून येणारा विलायती माल त्या बाजारातून हळूहळू मागे हटला. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा राणीगंजच्या खाणी सरकारजमा झाल्या, आणि १९७५ पासून त्यांचा कारभार ईस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीकडे आला. नारायणकुडी येथे, दामोदरच्या काठावर, त्या काळच्या घाटाचे आणि बांधकामाचे भग्न अवशेष आहेत. पावसाळ्यात पाणी त्यांच्यापर्यंत चढते.